अण्णा दुसऱ्या चॅनेलवर आलेच नाहीत

आमच्या घरात एका वेळी दोन माणसं बोलू शकत नसत, कारण त्यातलं एक माणूस नेहमी अण्णा असत. वडिलांबद्दल असं लिहू नये म्हणतात. पण ते आता नाहीत, आणि असते तरी त्यांनी हे वाक्य अर्ध्यावरच तोडून आपलं सांगायला सुरुवात केली असती, तेव्हा लिहून टाकते. आई म्हणायला लागली, "आज नळाचं पाणी जरा..." की अण्णा म्हणत, "गढूळ येतंय, माहीत आहे, तुरटी फिरव." आईला सांगायचं असायचं की पाणी आज जरा लवकर आलं. मग ती गप्प बसायची आणि तुरटी फिरवायची. गंमत अशी, की हाच माणूस जिना चढून वर गेला, खिडकीपाशी मांडलेल्या सेटसमोर बसला आणि माइक हातात घेतला की दुसराच कुणी होऊन जायचा. मोजकं बोलायचा, वाक्य पुरं झालं की "ओव्हर" म्हणायचा, बटणावरचा अंगठा उचलायचा आणि पलीकडचा माणूस बोलेपर्यंत थांबायचा. खरंच थांबायचा. आई खालच्या स्वयंपाकघरातून म्हणायची, "एकदा तरी तो शब्द घेऊन खाली या म्हणावं."

या सेटबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आता ज्याच्या त्याच्या खिशात फोन असताना हे वेड कुणाला पटायचं नाही. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना काढायचा, स्वतःच्या हातांनी जोडलेल्या यंत्रावरून स्वतःसारख्याच वेड्यांशी बोलायचं आणि त्याबद्दल कुणाकडून काही घ्यायचं नाही, असा तो हॅम रेडिओचा छंद. अण्णांचं महाडच्या बाजारपेठेत औषधांचं दुकान होतं. दिवसभर खोकल्याच्या बाटल्या विकायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन सोल्डरिंग करत बसायचं. आमच्याकडे फोडणीच्या वासात जळलेल्या राळेचा वास कायम मिसळलेला असे. छपरावर एक लांब पाइप उभा करून त्यावर ॲन्टेना बांधला होता आणि पाइप वाऱ्याने हलू नये म्हणून चहूकडून तारा ताणल्या होत्या. त्या तारांवर आई चादरी वाळत घालायची. "ती चादर काढ आधी, पोलादपूर ऐकू येत नाही!" असं अण्णा वरून ओरडले की आई शांतपणे म्हणायची, "पोलादपूरला म्हणावं, वाळू दे जरा." सेटची सतत खरखर चालायची, म्हणून तिने त्याचं नाव खरखऱ्या ठेवलं होतं. "तुझे वडील आणि खरखऱ्या वर आहेत," असं ती पाहुण्यांसमोरही म्हणायची.

महाडला पूर नवा नाही. बाजारातल्या प्रत्येक दुकानाला माळा असतो तो काही शोभेसाठी नसतो. सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरातून उतरते, पोलादपूरवरून आमच्याकडे येते आणि पुढे दासगावच्या खाडीत जाते. वरून लोंढा आला तरी खाडीला ओहोटी असेल तर पाणी निघून जातं. लोंढा आणि भरती एकदमच आली की पाण्याला जायला वाट राहत नाही, मग ते बाजारात शिरतं. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. अण्णांचं म्हणणं एवढंच, की माहीत असून उपयोग काय, वेळेवर कळलं पाहिजे. टेलिफोन तर दोन दिवस झड लागली की मान टाकायचे. म्हणून तीन घरांनी मिळून एक व्यवस्था लावली होती. पोलादपूरला शेलार नावाचा बँकेतला कारकून होता. त्याने पुलाच्या खांबावर रंगाचे पट्टे मारून घेतले होते आणि कुठला पट्टा बुडाला ते तो सांगायचा. दुसरा बुडाला की सावध व्हायचं आणि तिसरा बुडाला की बाजाराने माल माळ्यावर चढवायचा. दासगावला तारमास्तर होते. तारखात्यातून निवृत्त झालेले, डोक्यावर औषधालाही केस नाही, बोलणं अजूनही तारेसारखं तोडून तोडून. ते खाडीचं सांगायचे. दासगाव आणि पोलादपूर एकमेकांना थेट ऐकू येत नसत, म्हणून मध्ये आम्ही, महाड.

या कामाची एक शिस्त असते आणि ती कळल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. चॅनेल एकच, त्यावर एका वेळी एकानेच बोलायचं. एकाचा अंगठा बटणावर असेपर्यंत त्याला दुसऱ्याचं ऐकू येत नाही आणि बाकीच्यांना फक्त ऐकण्यावाचून गत्यंतर नसतं. कुणाचं बटण चुकून दाबलेलंच राहिलं, तर सगळ्यांचीच वाचा बंद. त्यावर अण्णांचा नियम असा, की बटण अडकलेलं दिसलं की हाका मारत बसायचं नाही, बाकीच्यांनी ताबडतोब दुसऱ्या चॅनेलवर जायचं. दुकानात अण्णांजवळ हातात धरायचा लहान सेट असे. मध्ये डोंगर आडवा येत असल्याने त्यावर पोलादपूर यायचं नाही, म्हणून शेलारचं आमच्या घरच्या सेटने ऐकायचं आणि दुकानात कळवायचं. घरचा सेटच अडला, तर अण्णांनी दुकानाच्या गच्चीवर चढायचं आणि तिथून दुसऱ्या चॅनेलवर शेलारला गाठायचं, तिथे तो पुसट का होईना यायचा. हा नियम त्यांनी जेवताना, चालताना, देवळात, जवळच्या सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात गुडघे बुडवून बसलेल्या तारमास्तरांना, सगळ्यांना इतक्या वेळा ऐकवला होता की आई भाजी निवडता निवडता गुणगुणायची, "अडकलं की दुसऱ्यावर."

घरच्या सेटवर मी बसायचे. 'बसायचे' हा शब्द लिहितानाही पायाला मुंग्या येतात. माझ्या पायाला जन्मतःच भिंगरी, आणि कामाला लागले ते असं, की ज्यात खुर्चीला चिकटून, कान टवकारून, तोंड मिटून बसायचं. परवाना मी कॉलेजात असतानाच काढला होता. मोर्सचा कट्टकडकट्ट मी चमच्याने ताटावर वाजवून पाठ केला आणि आई त्या काळात मला वाढायला ताटाऐवजी पत्रावळ आणायची म्हणायची. उमरठला उत्सवाची गर्दी जमायची तेव्हा आम्ही लहान सेट घेऊन मदतीला जायचो. कुणाची म्हातारी हरवली, कुणाला भोवळ आली, पाण्याचा टँकर कुठे अडला, असले निरोप इकडून तिकडे द्यायचे. तिथे मी दिवसभर उन्हातान्हात धावायचे आणि सुखात असायचे. पण पावसाळ्यात खुर्ची. बाहेर मुसळधार पाऊस, खिडकीच्या गजावर पागोळ्या, आणि शेलारचा एकसुरी आवाज, "पहिला पट्टा कोरडा आहे. सांगण्यासारखं काही नाही. ओव्हर." मलाही सांगण्यासारखं काही नसे. मी माइक टेबलावर टाकायचे, उठायचे, खोलीत फेऱ्या मारायचे, पुन्हा बसायचे. खुर्चीचा एक पाय माझ्यामुळेच मोडला.

मला जायचं होतं. मुंबईत जहाजांशी बोलणाऱ्या रेडिओ ऑपरेटरांचं शिक्षण मिळत होतं, मी अर्ज केला होता आणि मला प्रवेशही मिळाला होता. श्रावण संपायच्या आत हो की नाही ते कळवायचं होतं. हो म्हणायचं ते अण्णांनी. मी विषय काढला की ते म्हणत, "पावसाळा जाऊ दे." मी म्हणे, "अण्णा, प्रवेश पावसाळ्यातच..." की ते म्हणत, "इथे सेटवर कोण बसणार? तुझी आई?" आणि विषय संपला. त्यांना वाटे मी हट्ट करते. आईला वाटे मी थांबावं, पण का ते ती सांगत नसे, नुसती पदराने हात पुसत राही. मला तर त्या दिवसांत खाताना घास गिळवेना. गल्लीतून एस्टीचा हॉर्न ऐकू आला तरी मी उठून खिडकीशी जायचे, जणू काही ती मलाच न्यायला आली होती.

त्यात शकूमावशी माणगावहून माझ्यासाठी स्थळ घेऊन आली. आईची ही धाकटी बहीण, अंगाने भरलेली, जिभेने त्याहून. आली एका दिवसासाठी आणि पावसाने चार दिवस अडकली. मुलगा माणगावचाच, सरकारी नोकरीत, घरची शेती. "केस तेवढे विरळ आहेत गं, पण स्वभाव सोन्यासारखा," असं ती सकाळच्या चहापासून सुरू करायची.

त्या दिवशी सकाळीच शेलारने सांगितलं, "दुसरा पट्टा भिजायला लागलाय. वर घाटात धो धो आहे. ओव्हर." तारमास्तर म्हणाले, "दुपारी उधाण. खाडी भरणार. काळजी घ्या. ओव्हर." मी दुकानात कळवलं. अण्णा म्हणाले, "तिसऱ्या पट्ट्याची खबर आली की त्या क्षणी सांग. तोवर सेट सोडू नकोस. ओव्हर." बाजारातले लोकही अण्णांच्याच तोंडाकडे बघत होते. माल माळ्यावर चढवणं म्हणजे अंगमेहनतीचं काम, दिवसभराचा धंदा बुडतो, म्हणून अण्णांनी सांगितल्याशिवाय कुणी पोत्याला हात लावत नसे. इतका त्यांच्या शब्दावर विश्वास बसला होता.

आईने मात्र आपल्या परीने खालचं सामान वर आणायला घेतलं. पिठाचे डबे, लोणच्याची बरणी, देव्हाऱ्यातले देव, शेवटी मोड आलेल्या वालांची मोठी पितळी परात. श्रावणात आमच्याकडे वालाचं बिरडं म्हणजे सण, आणि पूर येवो की प्रलय, मोड आलेले वाल कुणासाठी थांबत नाहीत, ते त्याच दिवशी सोलावे लागतात. वर जमिनीवर पाय ठेवायला जागा उरली नव्हती. मावशीने परात टेबलावर सेटला खेटून ठेवली. माइक तिथेच पडलेला होता, त्याचं बटण परातीच्या काठाखाली दाबलं गेलं आणि बटण दाबलं की लागणारा सेटवरचा लाल दिवा परातीमागे झाकला गेला. हे अर्थात नंतर कळलं. त्या वेळी इतकंच झालं की खरखर थांबली. खरखर बंद करायची एक कळ सेटला होती, पाहुणे आले की आई ती फिरवायची, आणि कुणी हाक मारली की आवाज आपोआप यायचा. मला वाटलं आईने फिरवली. आईला वाटलं मी फिरवली. "बरं झालं, गप्प झाला एकदाचा," मावशी म्हणाली. यात माझी चूक होती असं तारमास्तरांनी पुढे मला दहादा ऐकवलं, आणि मी ते आजही मानत नाही. घरात शांतता ही इतकी दुर्मिळ गोष्ट होती की ती आली तेव्हा तिच्यावर संशय घेणं कुणाला सुचेल?

आम्ही तिघी टेबलाभोवती बसून मूठ मूठ वाल पुढ्यात घेऊन सोलू लागलो. वाल सोलताना तोंड बंद ठेवता येत नाही, हे ज्याने सोललेत त्याला सांगायला नको. मावशीने सुरुवात केली. "मी काय म्हणते नीले, एकदा बघून तर घे मुलगा."

"मला नाही बघायचा."

"केसांमुळे म्हणतेस का?"

"मावशी, त्याच्या गुडघ्यापर्यंत जटा असत्या तरी नाही! मला मुंबईला जायचंय."

"आणि वडिलांना विचारलंस?"

त्यावर माझा बांध फुटला. "विचारू? कुणाला विचारू? अण्णा वाक्य तरी पुरं होऊ देतात का? चार महिने झाले, मी त्यांना पहिली ओळसुद्धा सांगू शकलेले नाही. ते शिक्षण काय आहे, कुठे राहणार, कशासाठी जायचंय, यातलं एक अक्षर त्यांना माहीत नाही. त्यांना वाटतं मला नुसतं भटकायचंय. पलीकडून कुणीतरी बोललं आणि ते आपल्याला ऐकू आलं, याची गोडी मला लावली कुणी? त्यांनीच ना? मला आयुष्यभर तेच करायचंय, पण पट्टे मोजत नाही, समुद्रावरच्या माणसांशी बोलत. मला इथे कोंडल्यासारखं होतं मावशी, छातीत धडधडतं. आणि खरी भीती सांगू? इथे राहिले, तर मी एक दिवस अण्णांचा राग राग करायला लागेन. मला तसं व्हायचं नाही. फार आवडतात ते मला."

बोलता बोलता मी रडत होते आणि वालाची सालं माझ्या मांडीवर पडत होती. मग आई बोलली, मान वर न करता, हातातला वाल सोलता सोलता. "तू जावंस असं मलाही वाटतं गं. पण तू गेलीस तर मी पावसाळ्यात या घरात एकटी राहणार. मला पाण्याची भीती वाटते. लग्न होऊन आले त्या वर्षापासून वाटते. पाणी गल्लीत यायला लागलं की हे दुकानात, आणि मी इथे वर खिडकीत उभी राहून पायऱ्या बुडताना बघत बसायची. कधी म्हटलं नाही मी. म्हणायला गेले तर ते म्हणतील, दुकानात माल आहे, माहीत आहे, तू दार लावून घे."

माझ्या आईने इतकी वाक्यं सलग बोललेली मी त्याआधी ऐकली नव्हती. मला उठून तिला मिठी मारावीशी वाटली आणि मारली नाही, हातांना वालाचा चिकटपणा होता. आज वाटतं, मारायला हवी होती. मग मावशीने आपलीच जुनी दुखणी काढली, आईने डोळे पुसले, मी नाक पुसलं, आणि पुढ्यातले वाल संपत आले. परात हलकी होत गेली. शेवटच्या मुठी उचलल्या तसा तिचा काठ किंचित वर आला आणि टेबलावरून एकदम आवाज फुटला.

"महाड, महाड, दासगाव. बटण सुटलं. आभार. खाडी तुडुंब. पोलादपूरची खबर मिळाली का? आणि मावशींना निरोप. केस गेले म्हणून माणूस वाया जात नाही. ओव्हर."

आमच्या तिघींचे हात परातीत तसेच राहिले. मावशीने पदर तोंडाला लावला. मी परात ढकलली आणि माइक ओढून घेतला. तेवढ्यात शेलार आला, तो नेहमीचा एकसुरी शेलार, पण कावराबावरा. "महाड, पोलादपूर. तिसरा पट्टा कधीच बुडाला. मी दोन्ही चॅनेलवर हाका मारून थकलो. शेवटी एस्टीच्या ड्रायव्हरकडे सांगावा धाडलाय, गाडी पोहोचली असेल. ओव्हर."

मी दुकानाला हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. नाही. तिसऱ्यांदा मारली तेव्हा अण्णांचा आवाज आला, मागे आरडाओरडा, पोती ओढल्याचे आवाज, पाण्यात चालणाऱ्या पायांची खळबळ. "ऐकलं," ते म्हणाले. एवढंच. ओव्हरसुद्धा नाही.

पाणी बाजारात शिरलं ते लोक निम्माशिम्मा माल उचलत असतानाच. कुणाच्या जिवाला काही झालं नाही. पण किराणावाल्याची साखर विरघळली, कापडवाल्याची खालची फळी भिजली, आणि अण्णांनी इंजेक्शनं उचलली तरी फ्रिज जागेवरच राहिला आणि त्यात नदी शिरली. ते घरी आले तेव्हा आमच्या गल्लीतल्या पायऱ्या अजून बुडायच्या होत्या. पाणी चढत असताना अण्णा घरी आल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते. ओल्या कपड्यांनी ते आईशेजारी खिडकीत येऊन उभे राहिले आणि पाणी उतरू लागेपर्यंत तिथून हलले नाहीत. मी आत सेटशी बसले होते आणि माझे कान लाल झाले होते, कारण त्यांनी किती ऐकलं ते मला कळायला मार्ग नव्हता, आणि विचारायचं धाडस नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा बाजार गाळ उपसत होता. फावडी, घमेली, खराटे, आणि तो कुबट वास, जो नाकातून आठवडाभर जात नाही. कापडवाले भिजलेले तागे पिळता पिळता मोठ्याने म्हणाले, "अण्णा, तुमच्या रेडिओपेक्षा एस्टीचा लाल डबा बरा म्हणायचा!" चार लोक हसले. मला वाटलं आता अण्णा फाडफाड उत्तर देतील. ते म्हणाले, "चूक माझी आहे," आणि गाळाचं घमेलं उचलून बाहेर गेले. तेवढ्यात तो ड्रायव्हरच आला, म्हादू नाव त्याचं, उमरठकडचा, गाडी उभी करून मुद्दाम बघायला आला होता.

"तुमचं शेट बरं हायत ना?" त्याने मला विचारलं. "नाय, काल मला वेगळाच संशय आला. म्या दुकानात शिरलो तर शेट गल्ल्यापाशी उभं, त्यो रेडू कानाला लावलेला. म्हटलं, शेट, पोलादपुरास्नं सांगावा हाय, तिसरा पट्टा गेला. तर हात असा वर केलान, थांब म्हणून. म्हटलं, पाणी थांबतंय व्हय? परत बोललो. परत हात वर. डोळं भरल्यालं. म्हटलं, येवढं काय लागलंय रेडूवर? भाषण हाय का काय? शेवटी खांदा धरून हलवला, तवा कुठं जागं झालं."

मी खराटा हातात धरून उभी राहिले. तारमास्तर दासगावहून पहिल्या गाडीने मदतीला आले होते, पॅन्ट दुमडून, टकलावर रुमाल बांधून. त्यांनी ते ऐकलं आणि म्हादू गेल्यावर माझ्याजवळ येऊन हळू म्हणाले, "तू बोलायला लागलीस तसा मी दुसऱ्या चॅनेलवर गेलो. नियम आहे. दुसऱ्याच्या घरातलं ऐकू नये, हाही नियम आहे."

"मग केसांचं कसं ऐकलंत?"

"ते आधीचं. माझा तेवढा नाइलाज झाला." मग ते गंभीर झाले. "तिथे मी तुझ्या वडिलांना हाका मारत राहिलो. मधून मधून पहिल्यावर यायचो ते फक्त बटण सुटलं का बघायला. त्यांनी यायला हवं होतं. गच्चीवर चढून शेलारला गाठायला हवं होतं. नियम त्यांचाच. पण ते आले नाहीत, बेटा. पहिल्यावरच थांबले."

अडकलं की दुसऱ्यावर. हजारदा ऐकलेलं ते वाक्य मला आठवलं. ज्या माणसाला मी चार महिन्यांत एक ओळ सांगू शकले नव्हते, त्याने सगळा बाजार आपल्या शब्दाची वाट बघत असताना माझं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं होतं. हातात सेट होता, बटण होतं, पण माझं बटण दाबलेलं असेपर्यंत त्यांना मला तोडता येत नव्हतं. कळ फिरवून निघून मात्र जाता येत होतं, आणि ते त्यांनी केलं नव्हतं. त्याची किंमत त्यांनी फ्रिज देऊन मोजली, आणि बाजारातली पत देऊन, जी पुन्हा उभी करायला त्यांना पुढचे कितीतरी पावसाळे लागले. मला राग आला, लाज वाटली, आनंदही झाला, आणि यातलं काय आधी वाटलं ते मला अजून सांगता येत नाही. पुढे मी आयुष्यभर कानाला हेडफोन लावून पगार घेतला, वादळात सापडलेल्या जहाजांवरची माणसं ऐकली, पण इतकं जिवावर उदार होऊन ऐकणारं कुणी मला भेटलं नाही.

दुपारी आम्ही जेवायला घरी आलो. अंगणातली ओल अजून हटली नव्हती. आईने आदल्या दिवशी करायचं राहिलेलं वालाचं बिरडं केलं होतं, ओलं खोबरं भरपूर, वर कोकम, आणि तांदळाच्या गरम भाकऱ्या. तारमास्तर जेवायला होते. मावशीही होती, आणि तिच्या तोंडून केसांचा विषय निघत नव्हता, उलट ती तारमास्तरांना जरा जास्तच आग्रह करत होती. मला जागेवर बसवत नव्हतं. मी दोनदा पाणी आणायला उठले, एकदा मीठ आणायला, मीठ ताटात असूनही.

"नीला, बस," अण्णा म्हणाले.

मी बसले. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला. त्यांच्या नखांत अजून गाळ होता. "तुझं ते मुंबईचं," ते म्हणाले, "मला नीट माहीत नाही. काय शिकवतात, राहायचं कुठे, किती दिवस. मला काहीच माहीत नाही." मी तोंड उघडलं आणि सवयीने मिटलं, कारण आता ते पुढचं बोलणार हे मला ठाऊक होतं. आईही वाढता वाढता थांबली होती, डाव हातात तसाच. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे.

"ओव्हर," ते म्हणाले.

आणि गप्प बसले. बाहेर कुणीतरी फावड्याने दगडावर गाळ खरवडत होतं, तेवढा आवाज. सारा जन्म जिने धुसफुसत, धावत काढला, त्या मला एक शब्द सुचेना. अण्णा थांबले होते. खरंच थांबले होते, वर सेटसमोर थांबत तसे, मान किंचित कलती करून.

शेवटी आईनेच माझ्या ताटात बिरडं वाढलं आणि डाव खाली ठेवला. "अगं बोल की," ती म्हणाली, "वाट बघतायत ते."